शेरा

समुद्र सोडला तेव्हा सॅन डिएगोवर धुकं होतं,
काचेवर वायपर उगाच चालू.
अप्पांनी मागच्या सीटवर पाण्याच्या सहा बाटल्या ठेवल्या,
मोजल्या, पुन्हा मोजल्या,
आणि पट्टा लावून बसले
खात्याच्या जीपमध्ये बसायचे तसे,
गुडघे जुळवून, मांडीवर पिशवी.

“म्हणजे सकाळी जाऊन रात्री जेवायला घरी?”
“हो.”
“वाळवंटातून?”

ज्युलियनला सफरचंदाचा पाय घेतला.
फार गोड आहे म्हणत माझाही अर्धा संपवला.
मग घाट उतरू लागला
तसा वळणावळणाला हिरवा कमी होत गेला,
कुणीतरी रोज थोडा थोडा वजा करावा तसा,
आणि एका वळणानंतर बाकी उरली ती नुसती जमीन,
तांबूस, उघडी, क्षितिजापर्यंत.
अप्पांच्या कानांना दडे बसले होते.
ते मोठ्यानं म्हणाले, “बाप रे.”

बोरेगोच्या चौकीत लोरेन नावाची वनरक्षक बाई
नकाशावर बोट ठेवून बजावत होती:
माणशी तासाला एक लिटर,
दुपारी बारानंतर चढायचं नाही.
अप्पा शहाण्या मुलासारखी मान हलवत होते.
एकतीस वर्षं कालव्याच्या पट्टीवर पाणी वाचलेला माणूस,
त्यांचा हिशेब क्युसेकमध्ये.

पुढे पिवळी पाटी: सावधान, अचानक पूर.
तिच्याशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला,
निवृत्त पाटबंधारेवाल्यांच्या ग्रुपवर टाकायला.
रेंज नव्हती.

मग आम्ही कोरड्या ओढ्यात शिरलो.
मला वाळू दिसत होती. त्यांना पाणी.
“गोटे बघ कसे रेललेत, सगळे एका अंगाला.
त्या अंगाला गेलं.”
काटेरी झाडाच्या बेचक्यात गवताचं वेटोळं,
काटक्या, बाटलीचं एक निळं झाकण.
अप्पांनी तिथे तळहात आडवा धरला,
माझ्या खांद्याच्या पातळीत.
“इथवर होतं. तासभर असेल, जास्त नाही.”
“कधी?”
“दोन वर्षं झाली असावीत.
काडी पांढरी पडलीय.”

दोन वर्षं.
फोनवर मी म्हणायचे, तो कामात आहे,
तो मीटिंगला गेलाय, तो झोपलाय.
अप्पांना येऊन आज अकरा दिवस.
गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीच्या जागी तेलाचा डाग,
भिंतीवर नुसता खिळा,
बाथरूमच्या पेल्यात एकच ब्रश.
त्यांनी काही विचारलेलं नाही.

“पाटकरी खोटं बोलतो,” वाळू झटकत ते म्हणाले,
“पाणी सोडलंच नाही म्हणून शपथ घेतो.
त्याला विचारायचंच नाही.
भिंतीवरची ओल खोटं बोलत नाही.”
ते जुन्या कुठल्यातरी चौकशीबद्दल बोलत होते.
बहुतेक.

मी पाणी प्यायले. कोमट होतं.
ओकोटिओच्या नुसत्या काट्यांच्या छड्या,
आणि टोकाला लाल फुलं,
जणू चुकून दुसऱ्याच झाडाची लागलेली.

“अप्पा, तो…”
“आधी सावलीत बस.”

छपराखाली तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या,
लिंबाच्या लोणच्याचं तेल फॉइलवर सांडलं.
त्यांनी शेवटची पुरी मोडली
आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.
मग मी सांगितलं.
फार वेळ लागला नाही.
दोन वर्षांचं असूनही.
ते ओढ्याकडे बघत ऐकत होते, मध्ये एकदा फक्त म्हणाले,
“वकिलाचे पैसे फिटले का?”

साडेआठला घरी.
धुकं जिथे सोडलं होतं तिथेच.
बाल्कनीत त्यांचे बूट उलटे ठेवलेले,
खाली वाळूचे दोन छोटे ढीग.
वही जेवणाच्या टेबलावरच राहिली होती,
अजूनही रकाने आखतात, पट्टीनं:
दिनांक. ठिकाण: बोरेगो, अमेरिका.
पाण्याची पातळी: निरंक.
शेरा:
पुढे काही नाही.
पेनचं टोपण मात्र उघडंच होतं.